काळ्या भिंतीवरची सोनकी

सगुणा,

तुला वाचता येत नव्हतं ते एका परीनं बरंच. येत असतं तर पहिल्या ओळीलाच म्हणाली असतीस, "वैनी, कुनाला सांगताय हे? मला समदं ठावं हाये." तुला सगळं ठाऊकच असायचं. माझी चौथीपर्यंतची शाळा तुझ्यापुढं कधी चालली नाही. पण आता लेक सासरी परतली की घरात बोलायला कुणी नाही, आणि भिंतीशी बोलावं तर शेजारीण म्हणेल, नणंद गेली आणि म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून लिहिते.

तू गेलीस त्याला आठवडा होत आला. मला रडू आलं नाही. लोकांनी तेही बघून ठेवलं. एकजण दुसरीला म्हणाली, "भावजयच शेवटी, बहीण थोडीच." मला ऐकू आलं. उत्तर देणार होते, पण दिलं नाही. दमलेय मी, सगुणा. रडायलासुद्धा अंगात जोर लागतो. तुझं दुखणं काढण्यात होता तेवढा संपला.

येणारा जाणारा म्हणतो, गरीब बिचारी गेली. तू गरीब नव्हतीस आणि बिचारी तर नव्हतीसच. हट्टी होतीस. एकदा नाही म्हणालीस की मागं फिरायची नाहीस. मीही तशीच. दोन अशा बायका एका चुलीपुढं इतकी वर्षं कशा राहिल्या, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

टाकव्याहून तुझा भाऊ तुला घेऊन आला तो दिवस मला आठवतो. नवरा जाऊन महिना झाला होता. सासरच्यांनी तुझ्याकडं पाठ फिरवली होती. तुझं वय ते काय, अजून अंगावरची हळद सुकली नव्हती म्हण. तू दारात उभी राहिलीस, आत बघितलंस आणि पहिलं वाक्य बोललीस ते काय? "वैनी, किती काळं घर हाये हे!" मला राग आला. मी म्हटलं, "इंजिनाच्या दाराशी ऱ्हातो आमी. पांढरं कुटनं असंल?"

खरंच काळं होतं. आपलं घर लायनीला लागून. घाट चढून आलेली इंजिनं आपल्या दारासमोर उभी राहून दम टाकायची. तो धूर खिडकीतून आत, आढ्याला, भिंतीला, दुधाच्या सायीला. तुझा भाऊ शेडमध्ये कामाला, तोही संध्याकाळी भिंतीच्याच रंगाचा होऊन यायचा. मी सारवायची, झाडायची, दिवाळीला चुना द्यायची. पुन्हा महिनाभरात सगळं जसं होतं तसं. मग मी तो नादच सोडला. घर काळं तर काळं. त्यात राहायचं, जेवायचं, निजायचं. त्याच्याकडं बघायचं कशाला?

तू बघायचीस. नुसती बघत बसायचीस.

मग तुला मुंबईच्या एका शेठच्या इथल्या बंगल्यात काम मिळालं. केरवारा, फरशी पुसणं. तिथल्या शेठाणीला फुलांचा सोस. टेबलावर फुलं, जिन्याच्या कोपऱ्यात फुलं, आरशापुढं फुलं. रोज नवी लागायची, कालची फेकून द्यायची. एक दिवस तू ती फेकलेली पदरातून घरी आणलीस. गुलाब होते. कडा करपलेल्या, माना टाकलेल्या. तू ते तांब्यात घालून खिडकीत ठेवलेस.

मी म्हटलं, "उचल ते. आपल्या घरात शिळी भाकरी चालती, शिळं फूल चालत न्हाई."

तू उचललंस. मला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून येताना टेकडीवर गेलीस आणि काखेत मावेल एवढी सोनकी घेऊन आलीस. भादवा होता. आपल्याकडं भादव्यात सगळा डोंगर सोनकीनं पिवळा होतो, तुला काय लांब जायला लागलं नाही. म्हणालीस, "ही ताजी हाये. आता बोला."

मी बोलले की. माझं काय तोंड शिवलं होतं? मी म्हटलं, फुलं देवाची. देवाला घालून उरली तर सवाष्णीच्या डोक्याची. घरात मडक्यागाडग्यात फुलं खोचून ठेवायची ही कुठली रीत?

तेव्हा तू जे म्हणालीस ते मी विसरले नाही. "देवाची मी सकाळीच दिली. आख्खा डोंगुर भरलाय, देव घेऊन घेऊन किती घेईल? आन् डोक्याचं म्हनाल तर माज्या डोक्याचं काय ते तुमाला ठावं हाये. म्हून घराच्या डोक्यात घालती."

माझ्या डोक्यात त्या वेळी शेवंतीची वेणी होती. मी पदर डोक्यावर घेतला आणि चुलीत फुंकर घालत बसले.

मग ते सुरूच झालं. कंदिलाची टवका उडालेली काच तू खालून बूच मारून फुलांना केलीस. बांबूची पेरं कापून आणलीस, ती भिंतीतल्या खिळ्यांना दोरीनं टांगलीस आणि त्यांत पाणी घालून फुलं लावलीस. तुझा भाऊ टोपी टांगायला गेला तर त्याच्या खिळ्यावर तेरडा. त्यानं तेरड्याकडं बघितलं, टोपीकडं बघितलं आणि टोपी दाराच्या कडीला अडकवली. पुढं कायम तिथंच अडकवायचा. त्यानं कधी चांगलं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. पण कामावरून आल्यावर आधी भिंतीकडं बघायचा, आज काय आहे म्हणून. तुझ्या लक्षात आलं होतं का ते? मी तुला सांगितलं नाही.

तुझी म्हणून काही गणितं होती. मी एकदा तगर खोचून बघितली, तर तू लगेच काढलीस. "काळ्या भिंतीवर पांढरं घातलं की मळकं दिसतं. तितं पिवळं पायजे. पांढरं पान्याच्या हंड्यापाशी, तांब्यापितळंच्या उजेडात." उन्हाळ्यात कुडा फुलला की तो हंड्यांशेजारी. पाणी प्यायला वाकलं की वास यायचा आणि पाणी गार लागायचं. ते पाणी तेवढंच गार असणार, पण लागायचं खरं. कारवी फुलली त्या साली तू दाराच्या दोन्ही अंगाला तिच्या फांद्या उभ्या केल्यास, आणि गावातल्या सगळ्या मधमाश्या आपल्या घरात आल्या. माझ्या ओठाला एक चावली. तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस. "आता जरा दोन दिस गप ऱ्हाशीला," म्हणालीस. मी नाही राहिले गप.

आणि ती कळलावी! ते लाल-पिवळं ज्वाळेसारखं फूल तू आणलंस तेव्हा मी खरंच ओरडले. ते फूल घरात आलं की घरात भांडण लागतं, हे आमच्या तळेगावात शेंबडं पोरही सांगेल. तू शांतपणे देठाला पाणी लावत म्हणालीस, "हे फूल न्हवतं तवा काय आपन भांडत न्हवतो व्हय?"

मी रोज नको म्हणायचे, तू रोज लावायचीस. माझं म्हणून झालं की मी भाकऱ्या थापायला बसायचे आणि तू पाणी बदलायला लागायचीस. असं चाललं होतं. मला वाटायचं, हे असंच चालायचं आहे.

आता जे लिहायचं त्यासाठी लिहायला बसले.

चंद्रा वयात आली. माझी एकुलती एक पोर. माझ्या रखमामावशीनं तळेगावचं स्थळ आणलं. माझ्या माहेरच्या गावचं. मुलगा दुकान सांभाळणारा, घर दगडी, मागं आड. मला ते स्थळ हवं होतं, खोटं कशाला बोलू. ज्या गावातून मी या काळ्या घरात आले त्याच गावात माझी पोर मानानं नांदावी, आणि मी तिच्याकडं सणावाराला जावं, एवढी एक हौस मला होती. दुसरी कुठली नव्हती.

ती माणसं यायची त्या सकाळी तू उजाडता उजाडता डोंगरावर गेलीस. परत आलीस तेव्हा फुलांच्या मागं तू दिसत नव्हतीस. खिडकीत, कोनाड्यात, खिळ्याखिळ्यावर सोनकी लावलीस. मी म्हटलं, "त्यांना पोरगी बघायची हाये, डोंगुर न्हाई."

"पोरगी काय, दोन डोळं नि एक नाक," तू म्हणालीस. "घर बघू द्या की त्यांना."

आणि ती माणसं फाटकाशी दिसल्याबरोबर तू आत गेलीस. तुला जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला लागू नये इतकं ते जुनं होतं. शुभकार्य असलं की तू चुलीपाशी, दार लोटून.

मुलाची आई आली, बसली, चंद्राकडं बघायच्या आधी भिंतीकडं बघत राहिली. मान वळवून वळवून बघितलं तिनं. म्हणाली, "घर छान ठेवलंय हो तुम्ही. फुलं मुलीनं लावली वाटतं?"

रखमामावशी माझ्याकडं बघून डोळे मोठे करत होती. व्हय म्हण, व्हय म्हण. चंद्रा खाली मान घालून बसली होती. मला एक शब्द बोलायचा होता.

मी म्हटलं, "न्हाई. माज्या नणंदेनं."

"नणंद? त्या दिसल्या नाहीत कुठं."

"आत हाये. सगुणा, भाईर ये गं."

तू लगेच आली नाहीस. मी पुन्हा हाक मारली. मग आलीस, ओले हात लुगड्याला पुसत. त्या बाईनं तुझ्या कपाळाकडं बघितलं. मग सोनकीकडं. मग पुन्हा कपाळाकडं. तिच्या हातात चहाची बशी होती. ती तिनं खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

ती माणसं गेली आणि तू माझ्यावर उलटलीस. तुझा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "तुमाला 'पोरीनं' म्हनाय काय झालतं? एक शबूद व्हता!"

"खोटं कशाला बोलू?"

"पोरीच्या भल्यासाठी मानूस लय खोटं बोलतंय."

"आन् तितं गेल्यावर तिला म्हनले, लाव फुलं, तर? तिला पिठाचा गोळा नीट थापता येत न्हाई. फुलं काय लावनार?"

चंद्रा म्हणाली, "मी हितं हाये." आपण दोघींनी तिला गप्प केलं.

हे भांडण आपण पुढं कितीदा केलं असेल. तू म्हणायचीस मी चुकले, मी म्हणायचे मी चुकले नाही. आजही म्हणते. तू जिवंत नाहीस म्हणून मी आता तुझं खरं करणार नाही. तू फुलं लावायचीस ती लपून लावत नव्हतीस, मग नाव सांगायच्या वेळी मी लपवू कशाला?

पण एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती.

काही दिवसांनी रखमामावशी निरोप घेऊन आली. तू बंगल्यावर होतीस. मावशी म्हणाली, "पोरगी पसंत हाये त्यांना."

मी साखर आणायला उठले.

"बस. म्होरं ऐक. त्या म्हनत्यात, लग्नाआधी सगुणाला टाकव्याला पोचवा. मांडवात नको, आन् मागनंबी घरात ठिऊ नका. पोरीचं येनंजानं ऱ्हानार, लेकरंबाळं यायची. तिच्या हातचं असं घरभर नको म्हनत्यात."

"टाकव्यात तिचं हाये कोन?"

"ते त्यांनी इचारलं न्हाई."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. एक गाडी आली, थांबली, धूर सोडून गेली. ते दगडी घर मला त्या वेळी अगदी डोळ्यापुढं दिसत होतं. आड दिसत होता. मग मी म्हटलं, "मावशी, त्यांना सांग, आमाला पोरगा पसंत न्हाई."

"अगं, काय कारन सांगू?"

"मान लय लांब हाये म्हन. उंटावानी."

मावशी मला वेडी म्हणाली आणि चहा न पिता गेली. घरात मी सगळ्यांना सांगितलं, तळेगावकरांनी नाही म्हटलं. तुझ्या भावालाही तेच. कारण तुला खरं कळलं असतं तर तू दिवा लागायच्या आत गाठोडं बांधून टाकव्याच्या वाटेला लागली असतीस. चंद्राचं लग्न तुझ्यामुळं अडू नये म्हणून तू त्या घरात कोंडा खाऊन राहिली असतीस. मी तुला ओळखत होते. म्हणून गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर भिंती रिकाम्या. बांबूची पेरं काढून तू परसात रचून ठेवली होतीस. काच धुऊन कंदिलाला परत लावली होतीस. मी काही विचारलं नाही. मला वाटलं, आपल्या फुलांनी स्थळ मोडलं असं तुझ्या मनानं घेतलंय, चार दिवसांत निवळेल. निवळलं नाही. सोनकी आली, गेली. पुढच्या साली आली, गेली. तू देवापुरती फुलं आणायचीस, मोजकी, हातावर मावतील एवढी. तुझा भाऊ कामावरून यायचा, सवयीनं भिंतीकडं बघायचा आणि हातपाय धुवायला जायचा.

मी तेवढी वर्षं ओरडत होते, फुलं नकोत, फुलं नकोत. आता नव्हती. मग मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते, लाव म्हणून?

चंद्राचं लग्न कामशेतला झालं, चांगलं झालं. तू मांडवात होतीस, मागं का होईना. पुढं लायनीवर विजेची इंजिनं आली, धूर गेला. तुझ्या भावानं भिंती पांढऱ्या केल्या आणि त्या पांढऱ्याच राहिल्या. तो म्हणाला, "आता काय, लख्ख उजेड झाला." झाला खरा. पांढऱ्या भिंतीवर नुसते खिळे दिसायचे. मी एकदा हातोडी घेतली काढायला, आणि ठेवून दिली.

मग तोही गेला. माझ्या डोक्यातली वेणी उतरली, कपाळ तुझ्यासारखं झालं. तू माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, "आता दोघी सारख्या." दुसरं कुणी म्हटलं असतं तर मी थोबाडीत दिली असती. तू म्हणालीस तेव्हा जरा बरं वाटलं.

त्याच साली भादव्यात एक दिवस तू सोनकी घेऊन आलीस. देवापुरती नाही, काखेत मावेल एवढी. उंबऱ्यात थांबलीस आणि माझ्याकडं बघितलंस. मी तांदूळ निवडत होते. मला कळलं होतं, सगुणा. मला सगळं कळलं होतं. पण तोंडातून निघालं ते, "पाय पूस, चिखूल हाये." तू पाय पुसलेस आणि ती सगळी सोनकी देवापुढं नेऊन घातलीस. देव दिसेनासे झाले.

तुझा ताप उतरेना तेव्हा मी तुझ्याजवळ बसून होते. बोलायला वेळ होता. आपण बोललो काय? शेजारणीची कोंबडी आपल्या परसात अंडी घालते ती कुणाची, यावर. तू म्हणालीस आपली, मी म्हटलं तिची. तेही राहिलंच.

तुला नेताना एका बाईनं तगरीचं फूल हातात धरून मला हळूच विचारलं, "केसात घालू का? आता काय हरकत?" चांगल्या मनानं विचारलं तिनं. मी म्हटलं, राहू दे. जन्मभर घालू दिलं नाही, आता कशाला? तिला वाटलं मी दुष्ट आहे. वाटू दे.

औंढ्याचे थोरले आबा आले होते. भावकीत आता तेच वडीलधारे. ते मला अजून पोरी म्हणतात, माझे दात पडले तरी. म्हणाले, "पोरी, लग्न झाल्याल्या लेकीचं म्हायेरला तीन दिसाचं सुतक. ती टाकव्याची. चवथ्या दिवशी देवाला दिवा लाव. नवरात्र तोंडावर हाये, घट बसायचं हायेत."

मी विचारलं, "टाकव्यानं तिला इतक्या वर्सांत एक लुगडं धाडलं व्हतं का, आबा?"

"रीत सांगतो मी."

"मी दहाच धरनार."

"घट बसायचं न्हाईत मग."

"नगं बसूत."

आबा काठी घेऊन उठले. जाताना म्हणाले, "तुमी दोघीबी येकसारक्या." लग्न होऊन आल्यापासून माझं एक नवरात्र चुकलं नव्हतं. तुझा भाऊ गेला त्या साली सुतक मधे आलं नाही म्हणून वाचलं. या साली कोनाड्यात देव पारोसे बसलेत, दिवा नाही, माळ नाही. मला अपराध वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

चंद्रा कामशेतहून आली आहे, दहावं होईपर्यंत राहणार आहे. काल दुपारी आम्ही ओट्यावर बसलो होतो. अंगणात झेंडू नुसता उतू चाललाय. तूच लावलेला, नवरात्रासाठी. ती म्हणाली, "आय, एवढी फुलं. वाया चालली की."

"सुतकात देवाला चालत न्हाईत," मी म्हटलं. आणि मग काय झालं कोण जाणे, दमल्यावर तोंडावर ताबा राहत नाही, मी बोलून गेले. "चंद्रे, तुला एक ठावं न्हाई. तळेगावकरांनी तुला न्हाई म्हटलं न्हवतं."

"ठावं हाये मला," ती म्हणाली. "मान लांब हाये म्हून तूच न्हाई म्हटलंस. उंटावानी."

"हे तुला कुनी सांगितलं?"

"आत्यानं सांगितलं. माज्या पयल्या बाळंतपणात. रखमाआजीनं तिला त्याच दिवशी बंगल्याच्या वाटंवर गाठून समदं सांगितलं व्हतं, लय बोलली तिला म्हनं."

मी म्हटलं, "मग ती गेली कशी न्हाई टाकव्याला?"

"निघाली व्हती. मग म्हनाली, वैनीनं पोरीचं स्थळ सोडलं ते मला ठिवायला. आता मी गेले तर त्यांचं स्थळबी गेलं नि मीबी गेले. म्हून ऱ्हायली. पन फुलं काढली. म्हनली, उद्या दुसरं कोन आलं आन् इचारलं कुनी लावली, तर ही बाई परत खरं सांगनार, परत स्थळ घालवनार. हिला काय सांगून उपेग न्हाई. पोर उजवूस्तवर फुलं नकोत."

ऐकलंस? तुझेच शब्द. मी कपाळाला हात लावला. माझ्यापासून चंद्राचं स्थळ वाचवायला तू फुलं काढलीस, आणि मी समजत बसले की तुला लागलं म्हणून काढलीस.

"पन लगीन झालं की तुजं," मी म्हटलं. "मग का न्हाई लावली?"

चंद्रा हसली. तुझ्यासारखीच हसते ती, पदर तोंडाशी नेऊन. "मीबी तेच इचारलं. आत्या म्हनली, इतकी वर्सं मी त्यांच्या न्हाईवर लावली. आता एकदा त्यांच्या तोंडनं व्हय येऊ दे. वैनी लाव म्हनली की त्याच दिवशी लावती."

एवढंच पाहिजे होतं तुला. एक शब्द. आणि एवढं जवळ राहून तू तो मागितला नाहीस. मी दिला नाही. मागून घ्यायला तुझं काय जात होतं, सगुणा? द्यायला माझं काय जात होतं, ते मला विचारू नकोस.

आता म्हणते. लाव.

म्हणून झालं. लावणारी नाही, म्हणून ते माझ्यावरच आलं.

आज उजाडल्यावर मी चंद्राच्या आधी उठले. गुडघे धरून अंगणात गेले, ओटी भरून झेंडू तोडला. पितळेचा तांब्या घासला, पाणी घातलं, फुलं त्यात सोडली. ती उभी राहीनात. एकावर एक आडवी पडली, पाण्यावर दाटली, काही भिजून खाली गेली. तांब्याच्या काठावर एकसुद्धा दिसेना. मी पुन्हा काढली, पुन्हा घातली. तेच. चंद्रा मागं येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "आय, देठ कुटं हायेत?"

देठ नव्हतेच. माझ्या आईनं मला देवाची फुलं तोडायला शिकवली ती बोंडाशी चिमटा घेऊन, फूल तेवढं हातात आणि देठ झाडाला. सगळा जन्म मी तशीच तोडली. हाताला दुसरं येतच नाही.

चंद्रा म्हणाली, दे, मी आणते. मी नको म्हटलं. तांब्या तसाच खिडकीत ठेवलाय. समोरून बघितलं तर नुसता तांब्या दिसतो. वरून वाकून बघितलं तर पिवळं दिसतं.

उद्या देठासकट तोडीन.